न झटकलेली पट्टी

पेणच्या इस्राएल आळीत कुलुपांना तोटा नव्हता. एका दाराला पितळी कुलूप, एकाला लोखंडी, एकाच्या कडीला नुसतीच तार गुंडाळलेली. माणसं सगळी इस्राएलला गेलेली. जाताना प्रत्येकजण "येतो हं" म्हणून गेला. पण कोकणातला माणूस "येतो" म्हणतो ते परत यायचं असतं म्हणून नव्हे, "जातो" म्हणू नये म्हणून. दोन-तीन म्हातारी दारं सोडली तर आळीत सकाळ-संध्याकाळ उघडं दिसायचं ते सॉलोमन वाकरूळकरचं घर.

सॉलोमन उमेदीत रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता आणि रेल्वेच्याच संघातून बॉक्सिंग खेळायचा. त्याचं मूळचं नाक त्या काळातच कुठेतरी हरवलं होतं आणि जे उरलं होतं ते उजवीकडे झुकलेलं होतं. निवृत्त झाल्यावर बायकोला, हन्नाला घेऊन तो वाडवडिलांच्या घरी पेणला आला. इथे सुखानं राहू म्हणाला. तिसऱ्या वर्षी हन्ना गेली. मुलगी तामार लग्न होऊन इस्राएलमधल्या अश्दोदला. ती रविवारी एसटी स्टँडसमोरच्या बूथवर फोन करायची आणि दर वेळी एकच म्हणायची, "पप्पा, तिकीट पाठवते. तिथे आता कोण आहे तुमचं?"

"मशिदीची चावी माज्याकडं हाय गो," सॉलोमन सांगायचा. बेने इस्राएल लोक आपल्या प्रार्थनाघराला मशीदच म्हणतात. "ती कुनाकडं देऊ?"

हे कारण दिसायला मोठं भारदस्त होतं, पण खरं नव्हतं. चावी कुणीही सांभाळली असती. खरं कारण तामारला सांगायला तो लाजायचा. खरं कारण काळुराम होता.

घरामागे एक पत्र्याची पडवी होती. सॉलोमनच्या आजोबांच्या वेळी तिथे तेलाचा घाणा फिरायचा. शनिवारी तो बंद. बैलाला सुट्टी, माणसाला सुट्टी. म्हणून तर सगळ्या जातीला गावोगाव शनवारतेली म्हणत. घाणा कधीच गेला. ज्या तुळईखाली बैल गोल फिरायचा, त्या तुळईला सॉलोमननं भाताचा तूस भरलेली बॅग टांगली आणि गावातल्या पोरांना बॉक्सिंग शिकवायला सुरुवात केली. आरंभी पडवीत उभं राहायला जागा नसायची. मग पोरांना कळलं की इथे पहिले तीन महिने नुसते पाय हलवायला शिकवतात, नाकावर मार बसतो तो वेगळाच, आणि पडवी ओस पडली. टिकला तो एकटा काळुराम.

काळुराम गागोदे बुद्रुकचा. घरी भात आणि वालाची शेती, भाऊ ती बघायचा. हा पेणला गणपतीच्या कारखान्यात कामाला. प्लास्टर कालवायचं, साच्यात ओतायचं, सुकलेली मूर्ती अलगद काढायची. चोवीस वर्षांचा धडधाकट गडी, पण संध्याकाळी पडवीत यायचा तेव्हा भुवयांपर्यंत पांढरा असायचा. सॉलोमन म्हणायचा, "आधी तोंड धू रे. मला वाटतं माज्याहून म्हातारा कोन आला!"

पाच वर्षं तो रोज येत होता. शिकून झालं तरी लगेच उठायचा नाही. ओट्यावर बसायचा, गागोद्याच्या गोष्टी सांगायचा, मालकाच्या नकला करायचा. शनिवारी तर सकाळीच हजर. सॉलोमन शनिवारी विस्तव पेटवत नसे. शास्त्राचा काथ्याकूट विद्वानांनी करावा, पण इस्राएल आळीत शेजारच्यांनी येऊन चूल पेटवून द्यायची जुनी रीत होती. शेजार गेला, रीत काळुरामनं उचलली. सॉलोमन मशिदीत एकटा प्रार्थना म्हणून परत येईपर्यंत हा स्टो पेटवून, चहा करून, तामारनं पाठवलेल्या थर्मासात भरून, स्टो विझवून बसलेला असायचा. चहात साखर अशी घालायचा की चमचा उभा राहावा.

"बासुंदी केलीस का रे?" सॉलोमन चिडायचा.

"मामा, म्हाताऱ्या मानसानं गोड खावं," काळुराम म्हणायचा, "जिभेवर जरा तरी गोडवा येल."

सॉलोमनला मुलगा नव्हता. तो होता असं त्याला त्या चहाच्या वेळी वाटायचं. आता हे तामारला फोनवर कसं सांगणार? बूथवाला कान टवकारून बसलेला.

पडवीचे नियम कडक होते. पंचाशी हुज्जत नाही. कमरेखाली हात नाही. आणि सगळ्यात मोठा नियम: समोरचा पडलेला असो, नाहीतर पाठ फिरवलेला असो, त्याच्यावर हात टाकायचा नाही. "पाठ फिरवली म्हंजे त्यो तुज्याशी लढत नाय," सॉलोमन सांगायचा. "वळेपत्तोर थांबायचं. नाय वळला, तर नाय."

आणि एक पट्ट्यांचा नियम. ग्लोव्हज चढवायच्या आधी मुठीला सुती कापडाच्या लांब पट्ट्या गुंडाळतात, हाताची हाडं सांभाळायला. या पट्ट्या सॉलोमन दर शुक्रवारी दुपारी स्वतः धुवायचा, परसात वाळवायचा आणि बांधण्यापूर्वी प्रत्येक पट्टी हवेत चाबकासारखी फाडकन झटकायचा. एखादा खडा, गाठ, टाचणी, काही म्हणजे काही आत राहता कामा नये. रेल्वेत असताना एका भिडूच्या ग्लोव्हजच्या कडक नाड्या त्याच्या डाव्या डोळ्यावरून घासल्या गेल्या होत्या, तेव्हापासून तो डोळा अधू होता. मुद्दाम केलं की चुकून झालं, ते त्याला कधी कळलं नाही. डोळ्याला दोन्ही सारखंच.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत जिल्ह्याच्या स्पर्धा रोह्याला भरल्या. काळुराम एकामागून एक भिडू मारत अंतिम फेरीत आला. समोर रोह्याचा रितेश. रितेशला हैबतरावानं तयार केलेलं. हैबतराव म्हणजे पलटणीतून निवृत्त झालेला हवालदार, मिशा अजून ड्यूटीवर असलेल्या. या सामन्याला नुसत्या ढालीपेक्षा मोठी किंमत होती. रोह्याजवळच्या धाटावच्या कारखानदारीत एका कंपनीचे साहेब खेळाडू घ्यायला बघत होते, आणि जिंकेल त्याला पर्मनंट करतो असं त्यांनी जाहीर सांगितलं होतं. काळुरामला प्लास्टरच्या धुळीचा खोकला लागला होता. रात्री खोकताना तो उठून बसायचा. कंपनी, शिफ्ट, महिन्याला पगार, कँटीनचं जेवण, हे शब्द तो देवाचं नाव घ्यावं तसे घ्यायला लागला होता.

सामना ठेवला शनिवारी संध्याकाळी. सॉलोमननं वार ऐकला आणि नुसता नाकावरून हात फिरवला. शनिवारी तो गाडीत बसत नसे, गाठ मारत नसे. शुक्रवारी सूर्य मावळताना लागलेला शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, शनिवारी आकाशात तीन चांदण्या दिसल्या की मग सुटायचा. त्यानं वाट काढली. शुक्रवारी दुपारीच एसटीनं रोह्याला जायचं, तिथे राहिलेल्या एकुलत्या एका नातेवाइकाकडे, म्हाताऱ्या रूबेनकडे मुक्काम करायचा आणि शनिवारी चांदण्या दिसल्या की चालत मैदानावर. सामना त्याच्या पुढेच होता. सगळं बसत होतं.

एकच बसत नव्हतं. शुक्रवारची दुपार प्रवासात जाणार, तर पट्ट्या कोण धुणार?

"मी धुतो की," काळुराम म्हणाला. "बांधीन पन मीच. इतकी वर्सं बघतोय, मामा. तुमी निवांत या."

सॉलोमनला बरं वाटलं. पोरगं आपल्या शब्बाथची काळजी करतं. त्यानं पट्ट्या दिल्या.

काळुरामनं त्या खरोखर धुतल्या, अगदी निगुतीनं, साबण लावून. आणि वाळत घातल्या कारखान्यातल्या दोरीवर, कारण त्याचं सगळं आयुष्यच तिथे वाळत घातलेलं होतं. रात्रीत पट्ट्या खडखडीत वाळल्या. सकाळी प्लास्टरच्या गोणींची गाडी आली. गोणी दोरीखालीच उतरवल्या, त्यातल्या दोन फुटल्या. पिठासारखी भुकटी उडाली आणि पट्ट्यांच्या विणीविणीत जाऊन बसली. काळुरामनं पांढऱ्या हातांनी पांढऱ्या पट्ट्या गुंडाळल्या. पांढऱ्यावर पांढरं दिसतं कुणाला? दुसरा कुणी असता तर त्याला निदान शिंक आली असती. याला त्या वासाशिवाय जग माहीत नव्हतं.

रूबेनच्या अंगणात तिसरी चांदणी दिसली तसा सॉलोमन निघाला. मैदानावर पोचला तेव्हा काळुराम रिंगणाच्या पायरीशी उभा होता. ग्लोव्हज चढवलेले, नाड्या आवळलेल्या. तपासनिसानं पट्ट्यांकडे वरवर बघून शिक्का मारला होता. सॉलोमननं विचारायला तोंड उघडलं, "झटकल्यास का..." आणि तेवढ्यात कर्ण्यावर नाव पुकारलं. पेणहून ट्रक भरून आलेली कारखान्यातली पोरं ओरडायला लागली. सॉलोमननं ग्लोव्हजवर दोन थापा मारल्या आणि शब्द गिळला.

पहिली फेरी सरळ रितेशची. पोरगं चपळ होतं, मासळीसारखं निसटायचं. फेरी संपल्यावर सॉलोमननं काळुरामला स्टुलावर बसवलं, तोंड पुसलं आणि त्याच्या मनगटांवर स्पंज पिळून गार पाणी सोडलं. मनगटं गार झाली की माणूस थंड डोक्यानं खेळतो अशी त्याची जुनी समजूत होती. पाणी ओघळून ग्लोव्हजमध्ये गेलं. दुसऱ्या फेरीत काळुराम बरोबरीला आला. सॉलोमननं पुन्हा पाणी सोडलं. पुढे कित्येक महिने त्याला झोपेत दिसायचं ते हे पाणी.

तिसऱ्या फेरीत काळुरामचा उजवा हात रितेशच्या डाव्या डोळ्याखाली बसला. ठोसा सुरेख होता. पाच वर्षं पडवीत घटवलेला, खांद्यातून निघालेला, सरळ. पण त्याचा आवाज सॉलोमनच्या कानाला खटकला. भरलेल्या ग्लोव्हजचा आवाज ढप्प येतो. हा नारळ पायरीवर आपटावा तसा आला. रितेश गुडघ्यांवर बसला, मग कुशीवर पडला. पंचानं आकडे मोजले. तो उठला नाही.

ट्रकवाली पोरं रिंगणात शिरली. काळुरामला खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला. कंपनीच्या साहेबांनी लांबूनच अंगठा वर केला. त्या गर्दीतून काळुराम सॉलोमनला शोधत होता, आणि सापडल्यावर असा हसला की म्हाताऱ्याचा अधू डोळासुद्धा भरून आला. आयुष्यात इतका आनंद त्याला फक्त तामार झाली तेव्हा झाला होता.

कपडे बदलायला शाळेची एक खोली दिली होती. दोघेच आत गेले. सॉलोमननं दार लोटून घेतलं आणि ग्लोव्हज उतरवले. उजव्या हाताची पट्टी सोडायला गेला तर ती सुटेना. बोटांच्या हाडांवरून हात फिरवला आणि तो थांबला. मग कात्रीनं मनगटाकडून कापली. पट्टी उलगडली नाही. मुठीच्या आकाराची अख्खी खोळ निघून आली आणि त्यानं ती बाकावर ठेवली, तशी तिथे उभी राहिली.

काळुरामनं तिच्यावर नखानं टकटक केलं. साच्यातली मूर्ती सुटली का हे बघायला तो दिवसातून शंभरदा असंच करायचा.

"पलास्टर," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला. "मामा, गोनी उतरवल्या तवा... दोरीवर... मी मुद्दाम नाय केलं. आयेची शपत."

"मला ठाव हाय."

"आन मंग?" काळुरामनं दाराकडे बघितलं. आवाज खाली आणला. "कुनाला ठाव नाय. मी ही फोडून गटारात टाकतो. संपलं."

सॉलोमनला मोह झाला नाही असं कुणी म्हणेल तर ते खोटं. झाला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. ही खोळ फोडली की काळुराम कंपनीत लागणार, खोकला जाणार, शनिवारी सुट्टी काढून चहाला येणार. आणि नाही फोडली तर काय होणार तेही त्याला स्वच्छ दिसत होतं. रिकामी पडवी दिसत होती. बाहेर कुणीतरी रितेशसाठी गाडी मागवत होतं. पोराला डाव्या डोळ्यानं दिसत नाही असं ओरडत होतं.

"सांगाया लागेल, काळू."

"का? मी काय चोरी केली का?"

"नाय केली. म्हनून तर लपवायचं कशाला?"

"मामा," काळुराम त्याच्या पायाशी बसला. एवढा मोठा गडी, डोक्यात गुलाल, आणि रडायला लागला. "परत असा चान्स नाय येनार. मी त्या धुळीत मरेन. तुमास्नी चालंल?"

सॉलोमननं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात काही केल्या उचलेना. मग उचलला, ती खोळ पंच्यात गुंडाळली आणि तो बाहेर गेला.

पंचांच्या टेबलाशी त्या वेळी तिघंच होते: पंचप्रमुख, तपासनीस आणि रितेशला गाडीत घालून परत आलेला हैबतराव. सॉलोमननं खोळ टेबलावर ठेवली. पंचप्रमुखांनी ती उचलून बघितली आणि ते भडकले. असला पोरगा जन्मात रिंगणात दिसता कामा नये, म्हणाले. पेणचीच माणसं, प्लास्टर यांच्या घरचंच! कायमची बंदी.

"त्याला नाय," सॉलोमन म्हणाला. "हात बांधून द्यायचं काम कोपऱ्यातल्या मानसाचं. झटकायचं बी त्याचंच. कोपऱ्यात मी होतो. पानी मी सोडलं. त्याला यातलं काय बी ठाव नाय. बंदी घालायची तर मला घाला."

"तुम्ही मुद्दाम केलंत असं लिहू?"

"लिवा काय बी. त्याचं नाव नको."

हैबतराव मिशीवरचा हात खाली घेऊन त्याच्याकडे बघत राहिला. निकाल फिरला. ढाल रितेशला. काळुरामला फक्त ही एक लढत बाद. आणि सॉलोमन वाकरूळकरला जिल्ह्यातल्या कुठल्याही स्पर्धेत, कुणाच्याही कोपऱ्यात उभं राहायला कायमची मनाई.

कर्ण्यावर सांगितलं ते एवढंच, की पेणच्या प्रशिक्षकानं स्वतः दिलेल्या माहितीवरून निकाल बदलण्यात येत आहे. पुढचं सांगायला कुणाला वेळ नव्हता. ट्रकवाल्या पोरांनी "शनवारतेल्यानं घात केला" म्हणून बोंब ठोकली. काळुराम ट्रकमध्ये चढला. सॉलोमन ट्रकच्या फळीपाशी जाऊन उभा राहिला. काळुरामनं त्याच्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. गाडी पेणच्या दिशेनं निघून गेली, आणि सॉलोमन चालत रूबेनकडे गेला.

पेणला परतल्यावर दोन दिवसांनी काळुरामची आई मैना गागोद्याहून आली. ओट्यावर चढली नाही, खालीच उभी राहिली. "लेकावानी केलाव तुमी त्याला," ती म्हणाली, "आन लेकाच्या तोंडातला घास काडलाव. आपल्या मानसाला असं कोन करतं?"

सॉलोमनला सांगता आलं असतं की मैनाबाई, बंदी मी माझ्यावर घेतली, तुझ्या पोराचं नाव राखलं. पण उपकार सांगून मागितलेली माया कसली, असं त्याला वाटलं. खरं तर तो थोडा हट्टीही होता. "बसा, पानी घ्या," एवढंच म्हणाला. ती बसली नाही.

काळुराम आला नाही. पुढे कळलं, त्यानं पेण सोडलं. हैबतरावानंच धाटावच्या एका कंपनीत त्याला कंत्राटी कामाला चिकटवला होता, आणि संध्याकाळी तो हैबतरावाकडेच सराव करत होता. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! सॉलोमन पडवीत जाऊन बॅगेला एखादा ठोसा मारायचा. तूस खाली गळायचा. शुक्रवारी तो पट्ट्या धुवायचा, कुणाच्या म्हणून विचारू नका. वाळवायचा, झटकायचा, गुंडाळून ठेवायचा. शनिवारी मशिदीतून परत आला की थंडगार स्टोकडे बघत बसायचा. चहा नाही याचं काही नव्हतं. संध्याकाळी चांदण्या दिसल्या की करता येतो. पण शनिवारचा दिवस एवढा लांब असतो हे त्याला पूर्वी माहीत नव्हतं.

"पप्पा, आता तरी या," तामार म्हणाली.

"बघू," तो म्हणाला. चावीचं नाव त्यानं पहिल्यांदाच काढलं नाही.

रितेशचा डोळा मात्र त्याचा पिच्छा सोडत नव्हता. डोळ्याखालचं हाड तडकलं होतं, पट्टी होती, डॉक्टर नक्की सांगत नव्हते. सॉलोमननं एलियाहू हन्नाबीला नवस केला, पोराला दिसू दे, मलिदा करीन. बेने इस्राएल माणूस अडला की एलियाहू पैगंबरालाच हाक मारतो. गंमत बघा, आयुष्यभर आपल्या गड्यासाठी यानं कधी नवस केला नाही. ते पक्षपाती होईल म्हणायचा. केला तो समोरच्या कोपऱ्यातल्या गड्यासाठी.

चैत्रात निरोप आला. रितेशला दिसायला लागलं, पुन्हा पळायलाही लागला.

मलिदा म्हणजे भिजवलेल्या पोह्यांत ओलं खोबरं, साखर, वेलची. ताटात भोवतीनं फळं. प्रार्थना म्हणायची आणि सगळ्यांनी मिळून खायचं. हन्ना असताना मलिद्याला घर पुरायचं नाही. सॉलोमननं रविवारी सकाळी एकट्यानं नारळ खवला आणि सवयीनं मोठं ताट काढलं. रोह्याहून रूबेन आला. त्याच्याबरोबर, बोलावल्याप्रमाणे, हैबतराव आणि रितेश आले. दाराकडे बघत सॉलोमननं प्रार्थना जरा लांबवली. चौथं कुणी आलं नाही.

"मी सांगितलं त्याला," हैबतराव हळूच म्हणाला. "नको म्हनला."

सॉलोमननं स्टीलच्या डब्यात मलिदा भरला, एक केळं ठेवलं. "त्याच्या वाटनीचा हाय. द्या त्याला. प्रसादाला नाय म्हनू नये."

हैबतरावानं डबा घेतला, पण उठला नाही. "वाकरूळकर, त्याला ठाव तरी हाय का? टेबलावर तुमी काय बोल्लाव ते? मला वाटलं तुमीच सांगितलं आसंल."

"नाय. आन तुमी बी सांगू नका."

"मी पलटनीतला मानूस," हैबतराव मिशी पुसत म्हणाला. "हुकूम फक्त वरच्याचा ऐकतो. तुमी काय माजे साहेब नाय."

पुढच्या शनिवारी सॉलोमन नेहमीसारखा मशिदीत गेला. दहा माणसं नसली की काही प्रार्थना म्हणता येत नाहीत, त्या सोडून उरलेल्या त्यानं रिकाम्या बाकांना म्हणून दाखवल्या. घरी आला तर दाराची कडी काढलेली. स्वयंपाकघरात रॉकेलचा वास. स्टो विझवलेला, पण हात जवळ नेला तर ऊब लागली. टेबलावर थर्मास भरलेला, आणि त्याच्या शेजारी स्टीलचा डबा, घासून लखलखीत केलेला.

डबा रिकामा परत करू नये ही गागोद्याची शिकवण. आत पोहे होते. घरच्या भाताचे, जाडसर, लालसर. पुढच्या मलिद्याला पुरतील एवढे.

"काळू!" सॉलोमननं हाक मारली. पडवीत बघितलं, परसात बघितलं. दोरीवरच्या पट्ट्या कुणीतरी काढून, गुंडाळून ठेवल्या होत्या. खाली मातीवर झटकल्याचा बारीक तूस पडला होता. तो आळीच्या तोंडापर्यंत धावत गेला, त्याच्या वयाला शोभत नव्हतं तरी गेला. दोन्ही बाजूंना कुलुपं लावलेली दारं होती आणि लांब स्टँडवरून रोह्याची गाडी सुटल्याचा आवाज येत होता.

परत येऊन त्यानं कपात चहा ओतला. साखर इतकी की घशाला चरे पडावेत. तो पिता पिता ढसाढसा रडला. हन्ना गेली तेव्हाही असा रडला नव्हता.

त्याच्या पुढच्या शनिवारीही थर्मास भरलेला होता, आणि त्याच्या पुढच्याही. काळुराम पहिल्या गाडीनं यायचा आणि सॉलोमन मशिदीत असतानाच निघून जायचा. तोंड दाखवायची त्याला लाज वाटत होती की राग अजून गेला नव्हता, कोण जाणे. रूबेन म्हणाला, "अरे, एक दिवस मशिदीत जाऊ नको. दाराआड बस आन धर हात त्याचा. सापडंल."

"नाय," सॉलोमन म्हणाला. "पाठ हाय त्याची अजून माज्याकडं."

तामारला त्यानं तिकीट पाठवू नको म्हणून कळवलं. आणि शनिवारी प्रार्थना संपली तरी तो लगेच उठेनासा झाला. चावी हातात धरून रिकाम्या मशिदीत बसून राहायचा. रोह्याची गाडी सुटल्याचा आवाज आला, की मग सावकाश कुलूप लावून चहा प्यायला घरी जायचा.